ब्रेक कॅलिपर पावडर कोटिंगला देण्याआधी

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीत कोटिंगवाला मिळेल, पण कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग, तसाच नेऊन टेकवू नकोस. पावडर भाजायची भट्टी 180-200 अंशांवर चालते, आतलं रबर जळेल. पिस्टन, सील, डस्ट बूट (धूळ अडवणारं रबर), ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू), स्लाइड पिन (ज्यावर कॅलिपर सरकतो), सगळं काढ. पिस्टन हवेने काढणार असशील तर समोर लाकडाचा तुकडा ठेव आणि बोटं लांब. तो गोळीसारखा सुटतो.

मास्किंगला, म्हणजे नको तिथे झाकून घ्यायला, मात्र कंजूषी नको. पिस्टनचं भोक, सीलची खाच, आटे, पिनची भोकं, पॅड सरकतात त्या कडा, यांवर पावडर नको. मी एकदा बँजो बोल्टची (ब्रेकची नळी जोडणाऱ्या बोल्टची) बसायची जागा झाकायला विसरलो. बसवल्यावर तिथूनच ब्रेक ऑइल झिरपायला लागलं. भोकं ब्लास्टिंगच्या (कण मारून गंज-रंग काढायच्या) आधीच सिलिकॉन प्लगने बंद कर, नाहीतर कण ऑइलच्या वाटेत शिरतात.

ओतीव लोखंडात मुरलेलं तेल भट्टीत वर येऊन कोटला फोड आणतं. म्हणून पावडर मारण्याआधी एकदा नुसतंच तापवून घ्यायला सांग. आणि पावसाळ्यात ब्लास्ट केलेला कॅलिपर रात्रभर ठेवू देऊ नकोस, आपल्याकडच्या दमट हवेत लगेच गंजतो. उघड्या हातांनी धरूही नकोस.

बसवताना सील किट आणि तांब्याचे वॉशर नवेच. डावा-उजवा आधीच खूण करून ठेव. ब्लीडर वरच्या बाजूला आला नाही तर हवा निघतच नाही.