कृषी सल्ला : चिपोत्लेचे बियाणे मिळेल का?

प्रश्न : चिपोत्ले या मेक्सिकन मिरचीची लागवड करायची आहे. बियाणे कुठे मिळेल? विकत आणलेल्या वाळक्या मिरचीतले बी टाकले तर चालेल का?

उत्तर : सुंठेचे बेणे कोणी मागत नाही, आल्याचे मागतात. तसेच हे. चिपोत्ले ही मिरचीची जात नाही. झाडावर पिकून लाल झालेली हालापेन्यो मिरची धुरावर वाळवली की तिला चिपोत्ले म्हणतात. आपल्याकडे पिझ्झावर जिच्या हिरव्या चकत्या येतात तीच ही, दुकानदार तिला ‘जलपेनो’ म्हणतात. बियाणे घेताना हेच नाव सांगा.

मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत ‘चिल्ली’ म्हणजे मिरची आणि ‘पोक्त्ली’ म्हणजे धूर. हालापेन्यो हे नाव वेराक्रूझ राज्यातल्या हालापा शहरावरून पडले. ओल्या आणि वाळक्या मिरचीला निरनिराळी नावे देण्याची तिकडे रीतच आहे. पोब्लानो वाळली की तिची आंचो होते. चिपोत्लेतही पुन्हा दोन प्रकार: छोटी, तांबूस-जांभळी ‘मोरिता’, म्हणजे चिमुकली तुती, आणि जास्त वेळ धुरावलेली, मातकट रंगाची ‘मेको’.

वनस्पतिशास्त्रात हालापेन्यो, आपली ब्याडगी आणि ज्वाला एकाच प्रजातीच्या, कॅप्सिकम ॲन्युम. फरक आहे सालीत. ब्याडगीची साल पातळ, खळ्यावर उन्हात ती खडखडीत वाळते. हालापेन्यो जाड, गरदार; वरून सुकलेली दिसते आणि फोडली की आत बुरशी. म्हणून धूर. साधारण दहा किलो लाल फळांपासून एक किलोच्या आसपास माल हाती येतो, भावाचा हिशेब करताना हे आधी धरा. तिखटपणाला ती ज्वालापेक्षा सौम्य आहे.

पिकत आलेल्या फळावर पांढऱ्या बारीक रेघा दिसतील. लगेच फवारणीचा पंप पाठीला लावू नका! गर सालीपेक्षा भराभर वाढला की साल तडकते आणि त्या चिरा भरून येतात; रोग नाही तो.

वाळक्या मिरचीतले बी धुराच्या उष्णतेने बहुधा मेलेले असते. रुजलेच, तरी मूळ पीक संकरित असेल तर झाडे एकसारखी निघणार नाहीत.

पहिल्या वर्षी दोन-चार वाफेच लावा. हिरवी फळे विकत राहा आणि शेवटच्या तोड्यांची लाल झालेली धुरासाठी ठेवा. लाकूड सुके हवे. रंग दिलेल्या फळ्या भट्टीत अजिबात घालू नका.