दोन वर्षं की सत्तर?

ताई, तुमचं पत्र मिळालं. यजमानांची नोकरी जाऊन पाच महिने झाले. मुलगा ज्या नव्या मंडळीत (चर्चमध्ये) जातो तिथले उपदेशक सांगतात, विश्वास पक्का असेल तर भरभराट ठरलेली. परवा जेवताना तो सहज बोलून गेला, ‘बाबांचा विश्वास कमी पडतोय,’ आणि यजमान ताटावरून उठले. त्याचं तिथे जाणं बंद करू का, असं तुम्ही विचारता.

नका करू. एकोणीस वर्षांचा मुलगा बंदी घातली तरी जाणारच, फक्त घरी सांगणार नाही. तिथे त्याला नावाने हाक मारणारी माणसं भेटतात, हेही विसरू नका. आपल्या उपासनेनंतर त्याची शेवटची विचारपूस कुणी केली होती, आठवतंय?

त्याच्या टेबलावर बायबलमधलं यिर्मया २९:११ हे वचन लावलंय म्हणता: देवाचे संकल्प हिताचे, आशा देणारे. छान, तिथूनच सुरुवात करा. हे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या एका पत्रातलं आहे आणि ते पत्र बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या, परमुलखात अडकलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. जरा वर, दहाव्या वचनात, ७० वर्षांची मुदत आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांची हाडं तिथेच राहणार होती. तरी त्यांना सांगितलं: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

मग एक अध्याय मागे जा. हनन्या संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत जाहीर करतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. बाबेलच्या ताब्याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जोखड काढून तो मोडूनच टाकतो. लोकांना दोघांपैकी कोण आवडला असेल, हे सांगायला नकोच. मला मात्र यिर्मयाचा पहिला शब्द आवडतो: ‘आमेन.’ असंच होवो! चांगली बातमी त्यालाही हवीच होती, पण ती खरी नव्हती. नंतर त्याला सांगावं लागलं की लाकडी जोखड मोडलं, आता लोखंडी येईल.

मुलाशीही असंच बोला, आधी आमेन म्हणून. आशा धरणं चूक नाही. चूक आहे ती संकटावरून माणसाचा विश्वास मोजणं. संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्र तेच करत होते आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला. प्रेषित पौलाने ‘देहातला काटा’, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा तसाच राहिला. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायला मुलाचे उपदेशकही धजणार नाहीत.

माफी मागायला त्याला बाबांपुढे उभं करू नका. वाचता वाचता ते त्याचं त्यालाच उमजू द्या. तुमच्या पाळकांना मात्र आजच फोन करून नोकरीचं स्पष्ट सांगा. पाच महिने मंडळीपासून लपवलंत, हे मला पटलं नाही.

आणि यजमानांसाठी बायबलमधलं स्तोत्र ८८. ते अंधारातच संपतं. त्यांना ते वाचू द्या, आणि लगेच स्तुतीने सुरू होणारं ८९वं सुरू करू नका.