निपाणीचं घर विकायला काढण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आईला पुण्याला न्यायचं ठरलं, निपाणीचं घर विकायचं ठरलं आणि ५५ लाख सांगायचे असंही तुम्ही तिघा भावंडांनी ठरवून टाकलंत. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या घरच्या, त्यात मी बोलणार नाही. तिसरीबद्दल मात्र बोलायलाच हवं, तेही तू दलालाला फोन करायच्या आत. गाव लहान आहे. एकदा आकडा बाहेर पडला की चार दिवसांत साखरवाडीपासून अकोळ रस्त्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतो, आणि मग तोच आकडा तुमच्या घराला चिकटून बसतो.

हे ५५ आले कुठून? तूच लिहिलं आहेस. बाबांनी मागे स्लॅब टाकला त्याचा खर्च, पलीकडच्या गल्लीत कुणी ५० मागतोय असं कानावर आलेलं, आणि पुण्यातल्या फ्लॅटला कमी पडणारी रक्कम. घर घेणारा माणूस यातलं काहीच धरत नाही. पुण्याचा फ्लॅट ही तुझी गरज आहे, त्याची नाही. पलीकडच्या गल्लीतलं घर ५० ला गेलेलं नाही, ५० ला थांबलेलं आहे. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत आपल्याकडे फार अंतर असतं.

पतसंस्थेच्या कर्ज विभागात माझी सगळी नोकरी गेली. घर तारण घेताना आम्ही एकच प्रश्न विचारायचो: उद्या हे विकायला काढलं तर घेणारं कोण? तू आधी हाच प्रश्न घे, किंमत नंतर. तुमच्या गल्लीत, तुमच्या मापाचं घर घेऊ शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. सैन्यातून निवृत्त होऊन आलेला जवान, ज्याच्या हातात फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदाच येते. दोघंही शिक्षक असलेलं जोडपं, पगारावर कर्ज काढणारं. बेनाडी, आडी, सौंदलगा अशा भागातला ऊसवाला शेतकरी, ज्याला पोरांच्या शाळेसाठी गावात घर हवंय. बाजारपेठेतला दुकानदारही आहे, पण त्याला रस्त्याला तोंड असलेली जागा लागते, म्हणून तो तुमच्याकडे वळणार नाही.

तुझ्या आजोबांच्या वेळी असं नव्हतं. तंबाखूच्या वखारी भरून वाहायच्या, व्यापारी गुजरातेतून येऊन इथे घरं बांधायचे, विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरातसुद्धा आठवड्याचा पैसा हमखास यायचा. १९८१ साली शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर ठाण मांडलं आणि गोळीबारात माणसं गेली, इतकं या पिकावर सगळ्यांचं पोट होतं. आज विडीचा खप उतरलाय, २०१७ मध्ये तिच्यावर २८ टक्के जीएसटी बसला, कामाचे दिवस कमी झाले. शिकलेली पोरं पुण्याला, कोल्हापूरला, फार तर कागलच्या एमआयडीसीत. म्हणजे घेणारे घटले, आणि तुझ्यासारखे विकणारे मात्र दर दिवाळीला वाढतायत. हे मनाला लागतं, मला ठाऊक आहे. ज्या घरात तुझं बारसं झालं त्याचा भाव गावाच्या पडझडीनं ठरावा हे कुणालाच पटत नाही. पण किंमत ठरवताना हे डोळ्यांसमोर ठेवलं नाहीस तर घर कुलपातच राहील.

आता हिशोब. मी धरलेले दर फक्त रीत समजावी म्हणून आहेत, खरे दर तू विचारून घाल.

तुमची जागा दोन गुंठ्यांना थोडी कमी. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, तेव्हा २,१०० धरू. जागेचा दर समज १,४०० रुपये फूट, तर जागेचे झाले २९ लाख ४० हजार. मागचं स्लॅबचं बांधकाम ६०० फूट. आज बांधायला समज १,८०० रुपये फूट पडतात, म्हणजे १० लाख ८० हजार, पण दहा-बारा वर्षं झाली, गच्चीला ओल आहे, तेव्हा एक तृतीयांश वजा कर. उरले ७ लाख २० हजार. पुढचा दगडमातीचा सोपा आणि माजघर यांना बांधकाम म्हणून शून्य धर. वाचताना राग येईल, तरी धर. घेणारा ते पाडणारच आहे. मात्र त्यातलं लाकूड शून्य नाही. सोप्याच्या सागवानी तुळया, कडीपाट, ते कोरीव खांब आणि चौकटीचं दार, हे जुनं लाकूड घेणारे वेगळे असतात. त्यांना बोलावून वेगळा भाव काढ. पाडायची मजुरी जाऊन दगड-लाकडाचे लाख-सव्वा लाख सुटले तर तेही मिळव. सगळं मिळून ३८ च्या आसपास येतं.

म्हणजे तुमच्या आकड्यात १७ लाख असे आहेत ज्यांना घरात जागाच नाही.

दर विचारायचे कुणाला? तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कचेरीबाहेर बसून दस्त लिहून देणाऱ्या बाँड रायटरला विचार, बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युएटरला विचार, आणि गेल्या वर्षभरात ज्यांनी खरोखर विकलं त्यांना विचार. चहाच्या टपरीवरचा दर नेहमी फुगलेला असतो. उलट खरेदीखतातला आकडा बऱ्याचदा दबलेला, कारण पुष्कळ लोक सरकारी गाइडन्स व्हॅल्यूएवढाच, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेल्या किमान दराएवढाच, कागदावर लिहितात. खरा भाव या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. माझा भरवसा आणखी एका गोष्टीवर आहे: विकल्या गेलेल्या घरावर बँकेनं कर्ज किती दिलं. बँक घराच्या किमतीच्या काही टक्केच देते, आणि तिचा व्हॅल्युएटर गावकीच्या भिडेला पडत नाही. कर्ज काढून घर घेतलेल्या एखाद्या शिक्षक जोडप्याला विचारलंस तर ते सरळ सांगतील.

अर्जुननगरचा दर मात्र धरू नकोस. आपली निपाणी कर्नाटकात, पण देवचंद कॉलेजच्या बाजूला पाऊल टाकलं की कागल तालुका, महाराष्ट्र. तिथला रेडी रेकनर वेगळा, स्टँप ड्युटी वेगळी, घेणारा वेगळा. आपल्या लोकांना दोन्हीकडे एकच गाव वाटतं, कचेरीला वाटत नाही.

घेणाऱ्याच्या खिशातून तुमच्या किमतीपलीकडेही पैसे जातात, तेही मोजून ठेव. आपल्याकडे शहरी हद्दीत खरेदीखताला स्टँप ड्युटी ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज, आणि नोंदणी फी ऑगस्ट २०२५ अखेरीपासून १ ची २ टक्के झाली. सगळं मिळून ७.६ टक्के. ३८ लाखांच्या घरावर जवळजवळ २ लाख ८९ हजार. हे तो रोखीने भरणार, याला सहसा कर्ज मिळत नाही. तो शेवटच्या दोन लाखांसाठी अडून बसला की त्याला चिक्कू समजू नकोस, पैसे तिथेच संपलेले असतात.

ही ड्युटी ठरलेली किंमत आणि गाइडन्स व्हॅल्यू यांत जी जास्त तिच्यावर बसते. म्हणून तुमच्या गल्लीची गाइडन्स व्हॅल्यू आधी काढ, नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर दिसते. १ ऑक्टोबर २०२३ ला ती राज्यभर वाढवली. गल्ली मागे पडलेली असली तर कधीकधी बाजारभाव तिच्या खाली जातो. फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर आयकर खातं विक्रीची किंमत म्हणून गाइडन्स व्हॅल्यूच धरतं, तुला आणि घेणाऱ्याला दोघांनाही. तसं असेल तर आधी सी.ए.शी बोल, मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते.

कागदांवर मी सगळ्यात जास्त भर देतो, कारण कागद हीच तुमच्या हातातली खरी भाववाढ आहे. बाबांच्या नावावरचं खातं, म्हणजे नगरपालिकेच्या दप्तरातली घराची नोंद, तुमच्या आणि आईच्या नावावर झालंय का? त्याच नोंदीचा ऑनलाइन उतारा, ई-खाता, निघालाय का? त्याशिवाय आता नोंदणीच होत नाही, आणि बँक तर फाईल उघडतही नाही. कर्ज काढणारा निघून गेला की उरतो रोख पैसेवाला, आणि तो कागद अपुरा दिसला की भाव पाडतो. घरावर कुणाचं कर्ज-तारण आहे का हे दाखवणारा बोजा दाखला काढ. बाबांनी सोसायटीचं कर्ज फेडलं होतं हे मला माहीत आहे, पण बोजा उतरवला होता का हे तपास. आजोबांचं खरेदीखत १९५६ च्या आधीचं, मुंबई राज्याच्या स्टँपावर, मोडीत लिहिलेलं आहे. ते मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घे आणि चतुःसीमा आजच्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्याशी जुळतात का बघ. जुन्या मराठी कागदातलं नाव, कन्नड उताऱ्यातलं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी काम अडतं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे पहिलं.

तुम्ही तिघांनी ठरवलंत, पण गडहिंग्लजच्या तुझ्या ताईला विचारलंस का? पत्रात तिचा उल्लेख फक्त 'ती काही म्हणणार नाही' एवढाच आहे. असं चालत नाही. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीनं देशभर दिला, आणि वडील तेव्हा हयात नसले तरी तो राहतो हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तिची सही लागणार. सही लागते म्हणून विचारू नकोस, ती त्या घराची लेक आहे म्हणून विचार. किंमत ठरवायच्या बैठकीत तिला आणि आईला बसव. सगळ्यांनी मिळून दोन आकडे ठरवा: सांगायचा आणि ज्याच्या खाली जायचं नाही तो. दुसरा आकडा तुम्हा घरच्यांच्या बाहेर कुणालाही कळता कामा नये, दलालालासुद्धा नाही. घासाघीस चालू असताना एका भावंडानं गुपचूप कमी-जास्त बोललं की व्यवहार मोडतो, आणि नाती व्यवहारापेक्षा जास्त काळ मोडलेली राहतात.

सांगायचा आकडा ४१, खाली न जाण्याचा ३७, असं माझं मत. आपल्याकडे दोन-तीन लाख सोडल्याशिवाय घेणाऱ्याला समाधान नाही, तेवढी जागा ठेवायची. ५५ सांगून ४० ला येऊ म्हणशील, तर ४० वाला माणूस तुझ्या दारात येणारच नाही. तो बाहेरूनच जाईल. आणि वर्षभरानं तू ४२ वर आलीस की लोक विचारतील, घरात काय दोष आहे?

थांबलं तर भाव वाढेल असं तुझ्या भावाचं म्हणणं आहे. पुण्यात ते खरं असेल. इथे गणित करून बघ. आज ३८ आले आणि समज ७ टक्क्यांनी ठेवले, तर दोन वर्षांनी साडेत्रेचाळीस होतात. दोन वर्षं थांबून घर ४४ ला गेलं तरी हाती काय आलं? त्यात घरपट्टी, वाळवी, माकडांनी उलटीपालटी केलेली कौलं. बंद घराला एक पावसाळा पुरतो. मागच्या भिंतीला ओल उतरली की घेणारा आत पाऊल टाकताच नाक मुरडतो. विकेपर्यंत वीज तोडू नकोस, नळ चालू ठेव, परसातलं गवत काढून घे, कौलं एकदा चाळून घे. एवढा खर्च वसूल होतो. नवा रंग, टाइल्स यात पैसे घालू नकोस.

एक चांगली बाजू आहे ती मोकळेपणी सांग. २०१९ ला आणि २०२१ ला यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं तेव्हापासून घेणारा पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. तुमची गल्ली उंचावर आहे. आणि गल्लीत चारचाकी वळत नाही हेही तूच आधी सांग. ते लपत नाही, आणि आधी सांगितलं की त्यावरून भाव पाडायची सोय राहत नाही.

वेळ म्हणशील तर दिवाळीनंतर घर दाखवायला काढ. कारखाने सुरू होतात, उसाची बिलं पुढच्या महिन्यांत जमा होतात, आणि जूनच्या शाळेआधी राहायला यायचं असतं त्यांना. आषाढात आणि पितृपंधरवड्यात कुणी विसार देत नाही, तेव्हा फोन आला नाही म्हणून घाबरून भाव उतरवू नकोस.

कुणी म्हणेल, कागदावर थोडे दाखवू, वरचे रोख देतो. नाही म्हण. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड बसू शकतो, आणि ती रोख पुण्याच्या फ्लॅटला वापरताही येणार नाही. आईच्या म्हातारपणाचा पैसा आहे, तो सगळा बँकेतून यावा. आयकराची भीती धरू नकोस. घर २००१ च्या आधीचं, म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते. नफ्यावर १२.५ टक्के, किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यातलं कमी ते. विक्रीनंतर दोन वर्षांत राहतं घर घेतलंत तर गुंतवलेल्या नफ्यावर सूट आहे. ज्याचा हिस्सा त्यानं आपापला हिशोब करायचा.

गिऱ्हाईक ठरलं की संचकारपत्र, म्हणजे विसाराचा करार, होईल, बहुतेक कन्नडमध्ये. विसाराची रक्कम, खरेदीची मुदत, मुदतीत पैसे आले नाहीत तर काय, लाकूड किमतीत धरलंय की वेगळं, हे चारही मुद्दे त्यात स्पष्ट हवेत. ओळ न् ओळ मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नकोस, समोरचा कितीही घाई करो. मसुद्याचा फोटो मला पाठव, मी कन्नड वाचतो. आणि या आठवड्यात ताईला फोन कर.

तुझा,
काका