प्रेसमडचा गॅस, निकेलचे दाणे आणि नॅनो कण

प्रश्न : सर, मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे, घरचा ऊस पण आहे. साखर कारखान्याच्या प्रेसमडपासून (रस गाळून उरलेल्या गाळापासून) गॅस करून त्यावर सॉलिड ऑक्साईड फ्युएल सेल चालवता येते असं वाचलं, आणि त्यात नॅनो कॅटॅलिस्ट (क्रिया वेगानं घडवणारे अतिसूक्ष्म कण) घातला की सेल जोरात चालते म्हणे. एवढ्याशा कणानं नक्की काय होतंय? आणि आपल्या गॅसवर हे जमंल का?
– एक वाचक, शिरोली

उत्तर : जमेल, पण गॅस आधी साफ पाहिजे. त्यावर येतोच, आधी सेल बघा. मधे झिर्कोनियाची पातळ सिरॅमिक चकती, एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला गॅस आणि सगळं ७००-८०० डिग्रीला तापलेलं. हवेतला ऑक्सिजन आयन होऊन चकतीतून पलीकडे जातो, गॅसशी जुळतो, आणि तिथं जे इलेक्ट्रॉन सुटतात ते तारेतून फिरवले की झाली वीज. जाळ नाही, टर्बाइन नाही. उलटी चालवली, म्हणजे वाफ आणि वीज आत दिली, तर हीच सेल हायड्रोजन करून देते.

गॅसच्या अंगाला निकेल-झिर्कोनियाचं सच्छिद्र इलेक्ट्रोड असतं. निकेल, सिरॅमिक आणि गॅस हे तिन्ही जिथं एकत्र टेकतात त्या कडांवरच मुख्य काम होतं, म्हणून दाणे बारीक तेवढ्या कडा जास्त. पण एवढ्या उष्णतेत निकेलचे दाणे एकमेकांत मिसळून मोठे होत जातात आणि कडा घटतात. काकवीची बाटली फडताळात बरेच महिने राहिली की तळाला कसे साखरेचे खडे धरतात, बारीक दाणे जाऊन मोठे वाढत राहतात, तसंच.

नॅनो कण घालायची एक रीत तुम्हाला लगेच कळेल. सच्छिद्र कास्टिंग लीक होऊ नये म्हणून व्हॅक्यूममधे रेझिन पाजतात ना, इम्प्रेग्नेशन? इथं रेझिनच्या जागी सेरियम किंवा निकेल नायट्रेटचं पाणी पाजायचं, वाळवायचं, भाजायचं, की छिद्रांच्या भिंतींवर नॅनो कण बसतात. एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा पाजावं लागतं, आणि हे कणसुद्धा उष्णतेत हळूहळू वाढतातच.

मला दुसरी रीत जास्त आवडते. निकेल आधीच पेरोव्हस्काईट जातीच्या सिरॅमिकच्या अणूंच्या जाळीत बसवून ठेवायचं आणि मग हायड्रोजनमधे तापवायचं. ॲल्युमिनियमला टी-६ (कडक करायची उष्णता-प्रक्रिया) करताना एजिंगमधे, म्हणजे मंद तापवून ठेवताना, आत विरघळलेला धातू बारीक कण होऊन सुटतो, तसं इथं निकेल पृष्ठभागावर उगवतं, आणि त्याचं बूड हिरडीतल्या दातासारखं सिरॅमिकमधे रुतलेलं असतं. म्हणून ते सहसा सरकत नाही आणि गॅसमधला कार्बन साचून उचकटतही नाही. नॅनो कण करणं फार अवघड नाही हो, ७०० डिग्रीला हजारो तास तो तसाच बारीक ठेवणं अवघड.

आता तुमचा गॅस. आपल्याकडं साखर पांढरी करायला रसात गंधकाचा धूर सोडतात, त्यातलं बरंच गंधक प्रेसमडमधे उतरतं आणि गॅसमधे हायड्रोजन सल्फाईड म्हणून निघतं, तोच कुजक्या अंड्यांचा वास. दहा लाख भागांत एखादा भाग असला तरी निकेल मंदावतं. सेरियाचा (सेरियम ऑक्साईडचा) नॅनो थर दिला तर थोडं जास्त सोसतं, पण थोडंच, म्हणून नॅनोच्या भरवशावर घाण गॅस आत सोडू नका. गंजलेल्या लोखंडी किसातून गॅस नेला की बरंचसं गंधक तिथंच अडतं, आणि तो कीस तुमच्या शॉपमधेच पडलेला असेल, पुढं ॲक्टिव्हेटेड कार्बन लावायचा. कारखान्याच्या केमिस्टना आधी सल्फाईडचा आकडा विचारा, किसाच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही.