फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा (ऐरोलीकरांच्या प्रश्नाला उत्तर)

ऐरोलीकर, तुमचा प्रश्न वाचून हसूही आलं आणि पोटात गोळाही आला, कारण तीन वर्षांपूर्वी चरईत सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर मी अगदी हेच सगळं भोगलंय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांचे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, टाकी सफाईची नोटीस मराठीत टाइप करायची म्हणून त्यांनी फ्री मराठी टायपिंग सॉफ्टवेअर असं शोधलं आणि पहिलं आलं ते डाउनलोड केलं. तेव्हापासून क्रोमचं होमपेज बदललंय, काहीही शोधा भलतीकडे जातंय, उजवीकडे खाली "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस" अशा पाट्या येतायत, आणि सेक्टरातला रिपेअरवाला म्हणतो फॉरमॅट मारतो (म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकतो), वर अँटीव्हायरस टाकतो, अडीच हजार द्या. मशीन विंडोज १० वर आहे, बाबा त्यावरूनच नेटबँकिंग करतात. विचारताय, हे स्पायवेअर (गुपचूप पाळत ठेवणारा प्रोग्राम) आहे का आणि फॉरमॅट मारू का.

फॉरमॅट आत्ता नको. का ते सांगतो.

सासऱ्यांच्या मशीनवर मी अख्खा रविवार घालवून फॉरमॅट मारला. विंडोज नवीन, क्रोम नवीन, सगळं चकाचक. मग क्रोममध्ये त्यांचं जीमेल टाकून साइन इन केलं, सिंक चालू करू का विचारलं, मी हो म्हटलं आणि चहा घ्यायला उठलो. परत येऊन बघतो तर बुकमार्क आलेले, पासवर्ड आलेले, आणि वर पत्त्याच्या पट्टीशेजारी तेच भिंगाचं चित्र असलेलं एक्स्टेंशन (क्रोमला जोडलेला छोटा जादा प्रोग्राम) ऐटीत बसलेलं. मला वाटलं पेनड्राइव्हमधून आलं. म्हणून पेनड्राइव्ह पण उडवला आणि पुढच्या रविवारी परत फॉरमॅट. परत तेच. तेव्हा कुठे ट्यूब पेटली, की क्रोम तुमची एक्स्टेंशनं पण अकाउंटमध्ये सांभाळून ठेवतं आणि नवीन मशीन दिसली की इमानदारीत परत आणून देतं. घाण हार्डडिस्कवर नव्हतीच, सासऱ्यांच्या गुगल अकाउंटमध्ये होती. फॉरमॅट मारणारे बरेच जण हे बघतच नाहीत, मशीन चालू झाली की पैसे घेऊन मोकळे, आणि आठवड्याने तुम्ही परत त्यांच्याच दारात.

म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि सुरुवात कॉम्प्युटरवर नाही, बाबांच्या मोबाइलवर करायची. कॉम्प्युटरचं नेट आधी काढा, वायफाय असेल तर वायफाय बंद. आता मोबाइलवर गुगल अकाउंट, सिक्युरिटी, तिथे तुमची डिव्हाइसेस अशी यादी दिसते, त्यातून कॉम्प्युटर साइन आउट करून टाका आणि मग पासवर्ड बदला. ओळखीची नसलेली डिव्हाइस दिसली तर ती पण काढा. पासवर्ड त्याच आजारी मशीनवर बसून बदलू नका, त्यात टायपिंग वाचणारं काही असेल तर नवीन पासवर्ड आपणच त्याच्या हातात दिल्यासारखं होतं.

साइन आउटवर एवढा जोर का, तर हल्लीचे चोर पासवर्डच्या मागे असतात तेवढेच कुकीच्या मागे असतात. म्हणजे बघा, लोकलचा पास काढताना खिडकीवर एकदा नाव, वय, ओळखपत्र दाखवता, पण नंतर रोज ठाण्याला गाडीत चढताना कोणी विचारत नाही, पास खिशात आहे एवढं पुरतं. ब्राउझरमध्ये लॉगिन केल्यावर साइट असाच एक पास देते, त्याला सेशन कुकी म्हणतात. ती कुकी कोणी कॉपी करून नेली तर त्याला पासवर्ड पण नको आणि ओटीपी पण नको, तो थेट तुम्हीच बनून आत. टू स्टेप (पासवर्डवर ओटीपीचं दुसरं कुलूप) चालू आहे म्हणून निवांत बसलेल्यांची अकाउंटं अशीच जातात. हे काम करणाऱ्या प्रोग्रामना इन्फोस्टीलर म्हणतात. रेडलाइन नावाचा त्यातला एक, त्याचं जाळं ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेच्या पोलिसांनी मिळून मोडलं, आणि लुमा नावाच्या दुसऱ्यावर मे २०२५ मध्ये कारवाई झाली तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितलं की दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजारांवर विंडोज मशीन त्याने धरल्या होत्या. आणि हे घरात येतात कसे, तर फुकटच्या सॉफ्टवेअरमधून, क्रॅकमधून (विकतच्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या फुकट प्रती), विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करणाऱ्या त्या जुगाडू फाइलमधून. रिपेअरवाले पण सर्रास तीच फाइल वापरतात, त्यामुळे फॉरमॅटनंतर विंडोज कशाने अ‍ॅक्टिव्हेट करणार हे त्याला तोंडावर विचारा.

मोबाइलवर असतानाच बँकेचं अ‍ॅप उघडून पासवर्ड बदला, स्टेटमेंट बघा, आणि बेनिफिशियरीत कोणी अनोळखी अ‍ॅड झालंय का ते बघा. एक रुपया जरी गेलेला दिसला तर पुढचं सगळं सोडून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, तिथे वेळेलाच किंमत आहे. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर पण बघून घ्या (हे मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मिळत नाही, दुसऱ्या धड मशीनवरून बघा), चोर तिथे गुपचूप स्वतःचा पत्ता टाकून ठेवतात, मग पासवर्ड बदलला तरी बँकेची मेल त्यांना जातच राहते.

आता बाबांना एक प्रश्न विचारा, शांतपणे, ओरडू नका नाहीतर ते नाही म्हणतील. डाउनलोड करताना "मी रोबोट नाही" असं काही आलं होतं का, आणि त्यात विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर असं करायला सांगितलं होतं का? तसं केलं असेल तर त्यांनी स्वतःच्या हाताने मशीनला हुकूम दिलाय. त्या पानाने आधीच एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते, माणूस ती रन बॉक्समध्ये पेस्ट करतो आणि एंटर मारतो. कुठलाही खरा कॅप्चा विंडोजचं बटण दाबायला सांगत नाही. उत्तर हो आलं तर माझं मत बदललं, मग साफसफाईच्या भानगडीत पडू नका, फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा आणि फॉरमॅटच मारा, पण वरचं मोबाइलचं काम उरकल्यावर.

उत्तर नाही आलं तर तुमच्या वर्णनावरून हा ब्राउझर हायजॅकर, म्हणजे ब्राउझर ताब्यात घेणारा प्रोग्राम वाटतो. अस्सल स्पायवेअर नव्हे, जाहिरातींवर पैसे कमवणारा. पण एवढ्याने सुटलो म्हणू नका, कारण अशा एक्स्टेंशनला बहुतेक वेळा सगळ्या साइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी दिलेली असते, आणि सगळ्या साइट म्हणजे बँक पण आली.

मशीनवर बसलात की आधी त्या पाट्या. ५ व्हायरस वगैरे काही नसतं. पाटी आली की ती नीट वाचा, त्यात बारीक अक्षरात गुगल क्रोम असं लिहिलेलं असतं आणि बाजूला कुठल्यातरी साइटचं नाव. म्हणजे कधीतरी बाबांनी अलाऊ दाबलंय. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे अलाऊवाल्या यादीतलं सगळं उडवा आणि वरचा पर्याय नोटिफिकेशन कोणालाच नको असा करा. सासऱ्यांच्या यादीत एकोणीस साइट होत्या, त्यात पंचांगाची एक, ती तेवढी परत चालू करायला लावली मला.

मग एक्स्टेंशन. यादी उघडा, जे का आहे ते तुम्हाला सांगता येत नाही ते रिमूव्ह. चांगलं वाटतंय म्हणून ठेवू नका, ग्रेट सस्पेंडर नावाचं एक्स्टेंशन लाखो लोक खुशाल वापरत होते, मूळ माणसाने २०२० मध्ये दुसऱ्याला विकलं, नव्या मालकाने काय काय घुसवलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) म्हणून काढून टाकलं. आता एखाद्या एक्स्टेंशनला रिमूव्हचं बटणच दिसत नसेल तर क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत अगदी तळाशी बघा. तिथे "मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन" असं लिहिलंय का? ऑफिसच्या लॅपटॉपवर हे बरोबर आहे. पण घरच्या मशीनवर ऑर्गनायझेशन कुठून आली, सोसायटीची कमिटी? काही अँटीव्हायरसमुळे पण ही ओळ येते, पण तुमची लक्षणं बघता कोणीतरी विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची आतली वही) क्रोमची पॉलिसी, म्हणजे सक्तीचा नियम, टाकून ठेवली असणार. त्यामुळेच ते एक्स्टेंशन निघत नाही. पत्त्याच्या जागी क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं टाइप केलं की कोणकोणत्या पॉलिसी लावल्यात ते दिसतं.

रजिस्ट्रीत लगेच हात घालू नका. आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप्सची यादी इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावा. टायपिंग सॉफ्टवेअर ज्या दिवशी आलं त्याच दिवशी त्याच्यासोबत दोनतीन पाहुणे आलेले दिसतील, कोणी पीडीएफ कन्व्हर्टर, कोणी ड्रायव्हर अपडेटर, सगळे अनइन्स्टॉल. ही युक्ती मला कुठल्याही स्कॅनरपेक्षा जास्त उपयोगी पडलीय. त्याच यादीत एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (दुरून कॉम्प्युटर चालवायची सॉफ्टवेअर) दिसलं आणि घरात कोणी टाकलेलं नसेल तर ते पण काढा. "आज रात्री वीज कापणार" अशा खोट्या मेसेजवाल्यांनी फोनवर बोलत बोलत कित्येक ज्येष्ठांना असलंच अ‍ॅप टाकायला लावलंय.

मग नेट जोडा, मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडवक्लीनर हे असली घाण काढणारं टूल फुकट मिळतं, ते त्यांच्याच साइटवरून घेऊन चालवा, सर्चमधल्या स्पॉन्सर्ड लिंकवरून नाही, नाहीतर परत पहिले पाढे पंचावन्न. नंतर विंडोज सिक्युरिटीमध्ये डिफेंडरचं (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) ऑफलाइन स्कॅन. मशीन रीस्टार्ट होते आणि विंडोज चालू व्हायच्या आधी तपासते, साधारण पंधरा मिनिटं. हे का, तर चालू विंडोजमध्ये लपलेला चोर तेव्हा झोपलेला असतो. शेवटी क्रोम रीसेट करा, आणि साइन इन केल्यावर सिंकच्या सेटिंगमध्ये एक्स्टेंशनचं बटण बंद ठेवा. माझे दोन रविवार या एका बटणापायी गेले.

अँटीव्हायरस विकत घ्यावा का? माझं मत, घरच्या मशीनला डिफेंडर पुरतो, फक्त त्यात पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग नावाचं बटण आहे ते चालू आहे ना बघा, बाबांनी आणलं तसलं सामान अडवणारं बटण तेच आहे. घ्यायचाच असेल तर पुण्याचं क्विक हील घ्या नाहीतर दुसरं कुठलं, पण एकच. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र पण आहे २०१७ पासून, तिथे फुकट टूल मिळतात. अडीच हजारातला मोठा हिस्सा मी एसएसडीवर (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घालवला असता.

त्यापेक्षा विंडोज १० ची काळजी करा. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर जादा सिक्युरिटी अपडेटसाठी नाव नोंदवायची सोय आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मशीनचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ ती अधिकृतपणे घेत नाही. आणि बाबांचं रोजचं अकाउंट अ‍ॅडमिन ठेवू नका, स्टँडर्ड करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. चिडतील थोडे दिवस.

ब्राउझरचं म्हणाल तर मी सासऱ्यांना फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन लावून दिलं, क्रोमने जुनं यूब्लॉक बंद केलंय, तिथे आता त्याचं लाइट चालतं. जाहिरातच दिसली नाही तर खोट्या डाउनलोड बटणावर बोट जायचा प्रश्नच कमी होतो. कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी असं त्यांना शिकवलं असेल तर ते विसरायला लावा, चोराच्या साइटला पण कुलूप असतं. त्यापेक्षा बँकेचा पत्ता डॉट बँक डॉट इन वर संपतोय का हे बघायला सांगा, रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना तिकडे जायला सांगितलं होतं, सहकारी बँका पण त्यात आल्या. राउटरचा पासवर्ड अजून अ‍ॅडमिन अ‍ॅडमिन असेल तर तो पण जाता जाता बदला.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं ते. मराठी टायपिंगला काही डाउनलोड करावंच लागत नाही हो! विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे. सेटिंग, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेजमध्ये मराठी अ‍ॅड करा, तिच्या ऑप्शन्समध्ये कीबोर्ड म्हणून मराठी फोनेटिक निवडा. मग विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की मराठी, परत दाबला की इंग्रजी, आणि इंग्रजी स्पेलिंगने टाकी लिहिलं की टाकी उमटतं. बाबांना पाच मिनिटांत जमेल.

पॉलिसीच्या त्या पानावर काय दिसलं त्याचा फोटो टाका, ईमेल आयडी झाकून. रजिस्ट्रीतलं काही काढायचं असेल तर नेमकं कुठलं ते बघून सांगतो, आज रात्री साडेनऊनंतर आहे मी.