कॅमेरा बुडतो तो गुडघाभर पाण्यात

मागच्या अंकात पावसाळी ट्रेकबद्दल लिहिताना खिशात मावणाऱ्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्याचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देतोय. माझं दुरुस्तीचं टेबल फोर्टात, बोरा बाजाराजवळच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या माळ्यावर आहे. तिथे कॅमेरे बुडून येतात. त्यामुळे समुद्राखालच्या सौंदर्यापेक्षा त्याने केलेल्या नासाडीची माहिती मला जास्त, हे आधीच कबूल करतो. डायव्हिंग शिकलो तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो, तेही एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाने.

प्रश्न : जानेवारीत मी आणि मिस्टर अंदमानला, स्वराज द्वीपला जातोय. मागच्या वर्षी दोघांचा ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला) झालाय. ओएम सिस्टिम कंपनीचा टीजी-७ हा वॉटरप्रूफ कॅमेरा घ्यायचा विचार आहे. त्यावर १५ मीटर लिहिलंय. तेवढं पुरेल, की वर घालायची वेगळी वॉटरप्रूफ केस घ्यावी? आणि रबराला ग्रीस लावायचं का? (मुलुंडहून एक वाचक)

उत्तर : ताई, केस घ्या. ओपन वॉटरच्या कार्डावर तुम्हाला १८ मीटरपर्यंत जाता येतं, तुमच्या कॅमेऱ्याला मात्र १५. हे मधले तीन मीटर खाली कळतसुद्धा नाहीत. एखादं कासव दिसलं की माणूस मनगटावरचा आकडा बघत नाही, कासवाच्या मागे जातो. कंपनीची स्वतःची केस ४५ मीटरपर्यंत चालते. आधीच्या टीजी-६ चीच ती केस टीजी-७ ला बसते, तेव्हा कुणा ओळखीच्याकडे असेल तर विचारून बघा.

पण खरं सांगू का? पंधरा मीटरची मर्यादा ओलांडली म्हणून बुडालेला कॅमेरा माझ्या टेबलावर आलेला मला आठवत नाही. येतात ते जुहूच्या लाटेत, रिसॉर्टच्या तरणतलावात, नाहीतर होडीतून उडी मारताना बुडलेले. याला कारण आहे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढतो. पंधरा मीटरवर कॅमेऱ्याच्या दाराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर बाहेरून साधारण दीड किलो भार असतो. बॅटरीचं दार बारा चौरस सेंटिमीटरचं धरलं, तरी अठरा किलो झाले. हा भार दाराला आतल्या रबरावर दाबूनच धरतो. म्हणजे रबर स्वच्छ असेल तर खोल पाणी दार आणखी घट्ट लावतं. वरच्या हातभर पाण्यात तो दाब नसतो, आणि रबरावर केस अडकला असेल तर पाणी तिथूनच शिरतं.

केस म्हणजे डोक्यावरचा केस. माझ्या बाबतीत तो पंचाचा दोरा होता. तारकर्लीला दुसऱ्या डाइव्हच्या आधी होडीतच बॅटरी बदलली. हात पंचाला पुसले, दार लावलं, कुलूप सरकवलं, खट्ट आवाजही आला. तीन मीटरवर असेन, पडद्यावर एक आडवी जांभळी रेघ आली. मग लेन्सचा झूम आपोआप आत-बाहेर करायला लागला, जसं काही कुणीतरी आतून बटण दाबतंय. मग काळोख. वर येऊन दार उघडलं, तर रबरावर दीड सेंटिमीटरचा पांढरा दोरा आडवा पडलेला. ज्या माणसाने वीस वर्षं लोकांना 'दार नीट पुसा' म्हणून सांगितलं, त्याचा कॅमेरा. होडीवाल्या पोराने तेवढ्यात विचारलं, "काका, वॉटरप्रूफ होता ना?"

तेव्हापासून माझा नियम एकच : होडीत दार उघडायचं नाही. आदल्या रात्री हॉटेलच्या एसी खोलीत बॅटरी पूर्ण भरायची, रिकामं कार्ड घालायचं. दिवा तिरका धरून रबराची कड बघायची, चष्म्याच्या फडक्याने पुसायची आणि दार लावायचं. मग ते थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडायचं. एसी खोली अशासाठी, की तिथली हवा कोरडी असते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत दार लावलंत तर ती वाफ आत कोंडली जाते. गार पाण्यात शिरल्यावर पुढची काच थंड होते आणि आतून धुकं धरतं. कॅमेरा बिघडला असं वाटून लोक माझ्याकडे धावतात. तो बिघडलेला नसतो, त्याला घाम आलेला असतो.

आल्यावर बंद कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि सगळी बटणं पाण्यातच दहा-वीस वेळा दाबा. मीठ बटणांच्या खाचेत बसतं आणि वाळलं की तिथे खडे होतात. पुसून कोरडा झाल्यावरच दार उघडा, तेही दाराची बाजू खाली करून, म्हणजे खाचेतला थेंब आत न जाता बाहेर पडेल.

ग्रीसबद्दलही विचारलंय. कॅमेऱ्याच्या अंगच्या रबराला काही लावू नका. केसच्या रिंगला मात्र लागतं, तेही तिच्यासोबत येणारंच. पोळीला तूप लावतात तसं लावू नका, रिंग नुसती चकाकली पाहिजे. जास्त ग्रीसला वाळू चिकटते. आणि नवी केस आली की पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू पेपर ठेवून बादलीत बुडवा. कागद कोरडा निघाला की मग कॅमेरा.

प्रश्न : काका, तारकर्लीला स्कूबा केलं, सोबत मित्राचा टीजी-६ नेला होता. सगळे फोटो हिरवे आणि बर्फ पडल्यासारखे ठिपके. कॅमेरा खराब आहे का? (कॉलेज विद्यार्थी, डोंबिवली)

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे, मित्राला परत दे. पाणी प्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. माझ्या फिनला (पायात घालायच्या वल्ह्याला) एक लालभडक पट्टी आहे, आठ मीटरवर ती जुन्या विटेसारखी मळकट दिसते. वरून खाली येणारा प्रकाश जितकं पाणी कापतो, त्यात माशापासून लेन्सपर्यंतचं अंतरही मिळवायचं. म्हणून मासा दोन मीटरवर असेल तर फोटो काढूच नकोस. हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर असेल तरच काढ. कॅमेऱ्यात पाण्याखालचा मोड आहे तो लाव, आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या रूपात, फोटो ठेवायची सोय आहे ती चालू कर. मग घरी बसून रंग बराच परत आणता येतो.

ठिपक्यांचा गुन्हेगार फ्लॅश. खंडाळ्याच्या घाटात धुक्यात हाय बीम लावलास तर समोर काय दिसतं? पांढरी भिंत. मालवणच्या पाण्यातला गाळ म्हणजे तेच धुकं, आणि छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असल्यामुळे प्रत्येक कण उजळून थेट लेन्समध्ये येतो. फ्लॅश बंद कर. लांब हात करून बाजूने टॉर्च धरलास तर काम होतं.

गाळाचं गणित तिथल्या मच्छीमारांना विचार. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आत-बाहेर होतं आणि तळ ढवळून निघतो. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटी असते, पाणी त्या मानाने स्वस्थ असतं. डिसेंबर-जानेवारीत भांगाचे दिवस साधलेस तर फोटोंत फरक दिसेल. बुकिंग करताना लोक शनिवार-रविवार बघतात. मी आधी तिथी बघतो, मग सुट्टी मागतो. (माझा मालक मीच असल्यामुळे ती लगेच मिळते.)

आणखी एक, न विचारलेलं. ही तुझी पहिली डाइव्ह होती ना? पहिल्या डाइव्हला कॅमेरा नेऊच नये. कान मोकळे करायचे, श्वास रोखायचा नाही, इन्स्ट्रक्टरच्या खुणा बघायच्या. एवढ्यात हाताला तिसरं काम दिलं की एक तरी चुकतं.

प्रश्न : माझा फोन आयपी६८ (पाण्या-धुळीपासून संरक्षणाचा दर्जा) आहे. वर प्लॅस्टिकचं पाऊच घातलं की कॅमेऱ्याची गरजच काय? (बोरिवली)

उत्तर : आयपी६८ ची चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात, नव्याकोऱ्या फोनवर होते. समुद्र खारा असतो, हलतो, आणि तुमचा फोन दोनदा पडलेला असतो. पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. शिवाय पाण्याखाली टचस्क्रीन बोटाचं ऐकत नाही. पाऊच पावसात आणि होडीत चांगलं, मीही वापरतो. त्याच्या भरवशावर डोकं पाण्याखाली घालू नका, कारण त्या फोनमध्ये तुमची बँकही आहे.

प्रश्न : मी वर्सोव्याला शाळेत शिकवते. नवऱ्याने वाढदिवसाला हौसेने वॉटरप्रूफ कॅमेरा दिलाय, पण मला पोहता येत नाही. मुंबईत त्याचा काही उपयोग आहे का? (एक शिक्षिका)

उत्तर : बाई, सगळ्यात मजेचं पत्र तुमचं. मुंबईच्या समुद्रात बुडी मारून फोटो काढण्यात अर्थ नाही, स्वतःचा हात दिसत नाही. पण ओहोटीला खडकांत जी डबकी उरतात, त्यांच्यासाठी या कॅमेऱ्यासारखी दुसरी वस्तू नाही. टीजी मालिकेतल्या कॅमेऱ्यांत मायक्रोस्कोप मोड आहे. लेन्सपासून एक सेंटिमीटरवरची वस्तूसुद्धा स्पष्ट येते. अॅक्शन कॅमेऱ्याला हे जमत नाही, त्याचं सगळं लक्ष लांबवर. तुम्ही कोरड्या खडकावर उकिडव्या बसा, मनगटापर्यंत हात पाण्यात घाला, झालं.

मुंबईत अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बारा-एकच्या आसपास असते, म्हणून मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातला. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. पाणी अर्ध्या मीटरच्या खाली उतरणार असेल तो दिवस धरा. ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की निघा, फोटो अर्धा राहिला तरी. जुहू, कार्टर रोड, हाजी अलीचे खडक, कुठेही जा. पहिल्यांदा एकटीने जाऊ नका. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर फिरवून हेच दाखवतात.

काय दिसेल? मी मागच्या माघात कार्टर रोडला बसलो होतो. ताटाएवढं डबकं. आधी काहीच नाही. पाच मिनिटांनी एक शंख चालायला लागला, आत खेकडा. त्याच्या मागे समुद्रफूल होतं, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी. दुरून थुंकीच्या थेंबासारखं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र चाफ्याच्या पाकळ्यांसारखे हात, टोकाला हिरवट झाक. माझी सावली पडली की ते मिटायचं. इतक्या जवळून कॅमेऱ्याचीच सावली आड येते. लेन्सभोवती बसणारी, प्रकाश पसरवणारी कडी मिळते, ती जरूर घ्या.

दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा. प्रवाळाला हात लावू नका, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. हो, मुंबईत प्रवाळ आहे. कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचं प्रवाळ २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावावं लागलं होतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखं काही दिसलं तर ते ब्लू बॉटल, जेलीफिशसारखा डंख मारणारा जीव. त्याचा फोटो लांबूनच, आणि मुलांना आधी सांगून ठेवा.

प्रश्न : आमच्या तरुणपणी डिजिटल नव्हतं. तेव्हा पाण्याखाली फोटो काढायचे कसे? (दादरहून एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : नमस्कार. झाक कुस्तो या प्रसिद्ध फ्रेंच समुद्र-संशोधकाच्या सांगण्यावरून जाँ द वूटेर या बेल्जियन अभियंत्याने 'कॅलिप्सो' नावाचा कॅमेरा बनवला. तोच १९६३ पासून निकॉनने 'निकोनॉस' म्हणून विकला, आणि २००१ पर्यंत ती मालिका चालली. केस वगैरे नाही, कॅमेराच पाण्यात. अंतर अंदाजाने लावायचं, छत्तीस फोटो संपले की वर यायचं, आणि काय आलंय ते रोल धुतल्यावर कळायचं. एक निकोनॉस माझ्याकडे साफसफाईला आला होता. आतल्या रबरी रिंगा बघितल्या आणि वाटलं, इतक्या वर्षांत काळजी घ्यायची जागा काही बदललेली नाही.

प्रश्न : गोव्यात कॅमेऱ्यात खारं पाणी गेलं. तांदळाच्या डब्यात चार दिवस ठेवलाय. आता चालू करून बघू का? (वसई)

उत्तर : नका करू. तांदूळ पाणी शोषत नाही म्हटलं तरी चालेल, उलट त्याचं पीठ खाचांमध्ये बसतं. शिवाय तुमचा शत्रू पाणी नाही, मीठ आहे. ओलावा उडून जातो, मीठ आतल्या तांब्याच्या जोडण्यांवर बसून राहतं आणि तांबं हिरवं होत जातं. पाणी गेलेलं दिसलं त्याच क्षणी बॅटरी काढायची असते. चार दिवसांनंतर मी आशा दाखवणार नाही. खाऱ्या पाण्यातला छोटा कॅमेरा दुरुस्त करण्याचा खर्च बहुतेक वेळा वसूल होत नाही, आणि जो हमखास करून देतो म्हणेल त्याच्यापासून सांभाळून राहा.

कार्ड मात्र काढा. गोड्या पाण्याने हलकं धुवा, पंख्याखाली दोन दिवस वाळवा, मग रीडरमध्ये घाला. बहुतेक वेळा फोटो शाबूत असतात. माझ्या त्या तारकर्लीच्या कॅमेऱ्यातलेही निघाले होते, अगदी जांभळ्या रेघेच्या आधीच्या फोटोपर्यंत.

बॅटरी अजून आतच असेल तर आजच काढा. पुन्हा चार्ज करू नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. खारं पाणी गेलेली लिथियमची बॅटरी काही दिवसांनीही पेटू शकते. बाल्कनीत मातीच्या कुंडीत, पडदे-कागदांपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे देऊन टाका. तो तांदूळही शिजवू नका.