पोको : प्रश्न तेच, उत्तरं एकदाची

ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं नाव निघालं की पोको या दुसऱ्या जुन्या अमेरिकन बँडबद्दल ठरलेली पत्रं येतात. यावेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्र. पोको म्हणजे ईगल्समधून फुटलेला बँड ना?
नाही. पोको १९६८चा, ईगल्स १९७१चा.

प्र. मग फुटला कुठून? आधी नाव ‘पोगो’ होतं म्हणे?
बफेलो स्प्रिंगफील्डमधून. मे १९६८मध्ये तो बँड मोडला. मागे राहिलेलं शेवटच्या अल्बमचं काम रिची फ्युरे आणि जिम मेसिना यांनी निस्तरलं. त्यातल्या ‘काइंड वुमन’ गाण्यावर पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) वाजवली रस्टी यंगनं, आणि त्याला घेऊनच दोघांनी नवी जुळवाजुळव केली. ड्रम्सवर जॉर्ज ग्रँथम, बेसवर रँडी माइसनर. ‘पोगो’ हे वॉल्ट केलीच्या चित्रमालिकेचं नाव. त्याने हरकत घेतली आणि ‘पोको’ झालं.

प्र. एक विक्रेता पहिल्या अल्बमची ‘ईगल्सच्या माइसनरवाली दुर्मिळ प्रत’ दुप्पट भावात देतोय. घेऊ का?
पैसे खिशातच ठेवा. हे ‘माइसनरवाली’ प्रकरण माझ्या डोक्यात जातं. ‘पिकिन’ अप द पीसेस’ १९६९ साली आला. शेवटच्या मिक्सिंगला फ्युरे आणि मेसिना दोघंच बसणार असं ठरलं, माइसनरचं बिनसलं आणि अल्बम बाजारात यायच्या आधीच निघून गेला. त्याने मुख्य आवाजात गायलेला भाग ग्रँथमकडून पुन्हा गाऊन घेतला. कव्हरच्या चित्रातूनही त्याला उडवलं आणि त्याच्या जागी चक्क कुत्रा काढला. कव्हर हातात आलं की आधी तो कुत्रा बघा. मात्र बेस आणि मागच्या साथीतला त्याचा आवाज तसाच ठेवला. म्हणजे माइसनर सगळ्याच प्रतींवर आहे, मग ही एकच दुर्मिळ कशी? त्याच्या जागी आला टिमोथी श्मिट. माइसनर पुढे ईगल्समध्ये गेला, आणि १९७७मध्ये त्याने तो बँड सोडला तेव्हा तिथेही श्मिटच आला. झालं, दोन नावं मिळाली की विक्रेत्यांचं दुकान चालू. ज्यांनी बँड उभा केला ते फ्युरे, मेसिना, यंग जाहिरातीत कुठे दिसतात का बघा! आणि तबकडीच्या मधलं एपिक या रेकॉर्ड कंपनीचं लेबल पिवळं नसून नारिंगी असेल तर ती प्रत १९७३नंतरची, ‘पहिली छपाई’ नव्हे. फोटोवर भरवसा नको. जुन्या रेकॉर्ड हाताळणाऱ्या माणसाला तबकडी प्रत्यक्ष दाखवा, मग भावाचं बोला.

प्र. १९७०च्या ‘पोको’ अल्बमवर शेवटी अठरा मिनिटांचा तुकडा आहे. त्यातला ऑर्गन कोण वाजवतं?
ज्याला तुम्ही ऑर्गन म्हणताय, ती रस्टी यंगची पेडल स्टील आहे. आपल्या सिनेसंगीतातल्या हवाईन गिटारसारखीच आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी फिरवून वाजवायची. वर पायाखाली पेडल आणि गुडघ्याशी दांडे, ज्यांनी वाजता वाजता सूर चढतो-उतरतो. यंगने ती लेस्ली स्पीकरमधून वाजवली. या स्पीकरच्या पेटीत आवाज गरगर फिरवणारे भाग असतात. हॅमंड ऑर्गनला हाच जोडायचे. फसलात यात नवल नाही.

प्र. एवढा गुणी बँड, मग चालला का नाही?
कंट्री म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण बाजाचं संगीत. कंट्रीवाल्यांना तो रॉक वाटला, रॉकवाल्यांना कंट्री. पहिला अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत ६३व्या क्रमांकापर्यंतच चढला. मेसिना आधीच गेला होता, फ्युरेनेही १९७३मध्ये बँड सोडला. मोठं गाणं मिळालं ते १९७९मध्ये, यंगचं ‘क्रेझी लव्ह’. तोवर या बाजाची मलई ईगल्सने खाल्ली होती.

प्र. काकांनी अमेरिकेहून आणलेल्या पोकोच्या एलपीला पावसाळ्यात बुरशी आली. स्पिरिटने पुसू?
नको. रेकॉर्ड वाजवूनही बघू नका. सुई बुरशी खाचेत आणखी ठासते. बाकीच्या रेकॉर्डपासून वेगळी ठेवा, आतलं कागदी पाकीट फेकून द्या, कव्हर कोरड्या जागी उघडं ठेवा. लेबलला पाणी लागू न देता धुणारं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याला दाखवा, आणि तेही याच आठवड्यात. ‘दिवाळीच्या साफसफाईत बघू’ म्हणणाऱ्यांच्या रेकॉर्ड माझ्याकडे येतात तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.